चौकोनातली तूर

हिरीबाई चुलीत फुंकर घालत होती, तेव्हा पौलस गावित खाटेच्या कडेवर बसून उजव्या पायाचा घोटा दोन्ही हातांनी गोल फिरवून पाहत होता. पेरणीच्या तोंडावर बैलाने पाय दिल्यापासून तो घोटा रोज सकाळी एकदा कुरकुरे आणि मग दिवसभर गप्प राही. अंगणातल्या मोहाच्या झाडाचा नुसता बुंधाच दिसत होता. वरच्या फांद्या धुक्याने गिळल्या होत्या. हिरीबाईने नागलीची भाकर तव्यावर टाकली, तिच्यावर ओला हात फिरवला आणि कोऱ्या चहाचं पातेलं निखाऱ्यावर सरकवलं. शेळी दाव्याला ओढ देऊन ओरडली. पौलसने तिला रात्रीचा उरलेला पाला टाकला, राखुंडीने दात घासले, बशीत चहा ओतून घेतला आणि तो निवण्याची वाट पाहत त्याने अंगावर घोंगडी ओढली. चहा संपला तसा तो उठला आणि शेताकडे निघाला.

शेतात त्याला काही काम नव्हतं. भात कापून, झोडून घरात आला होता. तरीही तो रोज जाई. कारण नाल्यावरच्या तुकड्यात तूर उभी होती आणि ती तूर पाहिल्याशिवाय त्याला भाकर गोड लागत नसे. डोक्यावर जाणारी झाडं, शेंगांनी वाकलेल्या फांद्या. तो एखादी शेंग अंगठ्याने दाबून आतले दाणे चाचपून पाही आणि न तोडता सोडून देई, लेकराचा गाल चिमटीत धरून सोडावा तशी.

या तुरीचं श्रेय कुणाला द्यावं, हा पिपळदरीत वादाचा विषय होता. पहिल्या वाफशावर सगळ्यांनी तूर पेरली, तेव्हा पौलसचा घोटा नारळाएवढा सुजला होता. हिरीबाईने एकटीने, जमेल तशी, उशिरा पेरली. लोक हसले. पुढे दिवाळीनंतर आभाळ दाटून राहिलं, सगळ्यांच्या तुरीचा फुलोरा गळला, जो राहिला तो अळीने उरकला. हिरीबाईच्या तुरीला तेव्हा फूलच आलेलं नव्हतं. आभाळ निवळलं आणि मग ती सावकाश फुलली. "आळशाचं पीक," असं तिचा भाऊ सॅम्युअल म्हणे. "बैलाचं पीक," असं हिरीबाई म्हणे. पौलस मात्र, कुणी काही म्हणो, स्वतःच्या मिशीवरून हात फिरवी.

त्या दिवशी धुकं विरत असताना बांधावर मोटारसायकल येऊन थांबली. कृषी सहायक भटू खाली उतरला. तो शहाद्याकडचा, बोलायला मोकळा, अंगाने किरकोळ. त्याच्या खांद्यावर दोरीचं वेटोळं होतं आणि काखेत चार खुंट्या.

"पौलसभाऊ, तुन्हा गट निंघना," तो म्हणाला.

"कशात?"

"पीक कापणीना प्रयोगमा. तूर. आते आठे दोरी बांधसू, शेंगा वाळन्यात का येसू, कापसू, तोलसू."

मोबाइलने दिलेले आकडे पाहून भटूने शेताच्या कोपऱ्यापासून पावलं मोजली, तुरीत घुसला आणि एका जागी खुंटी ठोकली. फीत धरायला पौलस होताच. खुंट्या ठोकताना भटूचा डावा हात आपोआप फांदीकडे जात होता. शेंग तोडावी, सोलावी, दाणे तोंडात टाकावेत, टरफल मागे फेकावं. चौथी खुंटी ठोकून होईपर्यंत त्याने दोन मुठी तूर खाल्ली होती. मग दोरी ताणून बांधली आणि हात झटकत तो गंभीर झाला.

"आतेपासून या दोरीना आत कोणी हात लावाना नही. तूबी नही. शब्द दे."

पौलसने शब्द दिला. पिपळदरीच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी दानाची थैली फिरवण्याचं काम त्याच्याकडे होतं, ते त्याने दिलेला शब्द मागे घेतल्याचं कुणाला आठवत नसल्यामुळेच.

भटूने खूश होऊन मोबाइलवर एक रेघ दाखवली. "हाई देख. आपला भागनी तूर. तुन्हा बाप शेती करे तवयपासूननी."

पौलसने डोळे बारीक केले. रेघ आधी टेकडीसारखी चढत होती, मग दरीत उतरत होती, पुढे बसलेल्या बैलाच्या पाठीसारखी बराच काळ सपाट होती आणि अलीकडे पुन्हा मान वर करत होती.

"ही दरी कसली?"

"तवय लोकेस्नी तूर सोडी, सोयाबीन धरं."

"आणि ही मान?"

"नवं बियाणं, चांगला भाव, पाऊस. साहेब लोके येगयेगळं सांगतस."

"यंदाचा ठिपका कुठे आहे?"

"तो आखो पडना नही. तो तुन्हा वावरमाईन जाई. म्हणजे आखो जागा शेत मंडळमा, पण तुन्हीबी धरतीन."

यातलं 'आखो जागा शेत', म्हणजे महसूल मंडळात आणखीही जागा आहेत, हे पौलसच्या कानात शिरलंच नाही. त्याने रेघेच्या टोकापुढची कोरी जागा पुन्हा एकदा नीट पाहून घेतली. बाप, आजा, सगळे या डोंगरात तूर पेरत मेले. त्यांच्यातल्या कुणाचाही ठिपका झाला नव्हता.

ही बातमी गावात त्याच्या आधी पोचली. संध्याकाळी सॅम्युअल अंगणात येऊन उकिडवा बसला. सॅम्युअल हा धिप्पाड, बोलका माणूस. बहिणीच्या घरी त्याला पाणीही न मागता मिळे, त्यामुळे तो नेहमी त्याहून मोठं काहीतरी मागायला येई.

"दाजी, तुझ्या तुरीने सगळ्या गावाच्या पोटावर पाय दिला," तो म्हणाला.

"माझ्या तुरीला पाय कुठे?"

"ऐक. आमची तूर गेली. विम्याची भरपाई कधी मिळणार? मोजणीत पीक कमी भरलं तर. आणि मोजणी कुठे, तर तुझ्या शेतात. सगळ्या रानात एकच झाड हिरवं आणि सरकारने त्याचीच सावली मोजायला घेतली."

"मग मी काय करू? उपटून टाकू?"

"तू काहीच करू नको. तुझा शब्द आहे, तो आम्ही मोडू देणार नाही." सॅम्युअलने बहिणीकडे पाहून आवाज मऊ केला. "पण पाहुण्याने कुठे शब्द दिलाय?"

चुलीपुढे बसलेल्या हिरीबाईचा हात पिठात थांबला. त्या डोंगरात एक रीत होती. हिरव्या शेंगांच्या दिवसांत जो कुणी शेतात येईल, त्याने पसाभर शेंगा तोडून खाव्यात आणि धन्याने दुसरीकडे पाहावं. ज्याने पाहुण्याचा हात धरला, त्याच्या शेतात पुढल्या साली तूर फुलते पण धरत नाही, असं सगळेच मानत. पाळकसाहेबही मानत; ते फक्त शास्त्रातलं वचन जोडून मानत.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत कालीबाई फुई आली. ही पौलसच्या बापाची बहीण. तिला गावाच्या दुसऱ्या टोकावरून इथवर यायला काठी आणि अर्धी सकाळ लागे, म्हणून ती वर्षात फारशी येत नसे.

"घोटा कसा आहे रे तुझा?" तिने बांधावरूनच विचारलं.

"बरा आहे, फुई. पेरणीला दुखला होता."

"तेच म्हटलं, बघून यावं," असं म्हणत म्हातारी सरळ दोरीपाशी गेली, दोरीवरून हात आत घातला आणि फांदी खाली ओढली. तोंडात दात नव्हते. ती एकेक दाणा हिरड्यांनी दाबून, डोळे मिटून, इतक्या निवांतपणे खाऊ लागली, की पौलसला तिच्याजवळ उभंही राहवेना आणि निघूनही जाववेना. त्याने रीत पाळून दुसरीकडे पाहिलं, तर तिकडून सॅम्युअलची बायको रंजना तिन्ही पोरांना घेऊन येत होती.

"दाजी, घोटा कसा आहे?" तिने विचारलं.

त्या दिवशी पौलसच्या घोट्याची चौकशी अर्ध्या गावाने केली. एवढी विचारपूस घोटा सुजला होता तेव्हा झाली असती, तर तो निम्म्या दिवसांत बरा झाला असता. संध्याकाळी तो चौकोनाभोवती फिरला. दोरीला लागून असलेल्या झाडांच्या फांद्या उघड्या पडल्या होत्या. तो खाटेवर येऊन आडवा झाला आणि म्हणाला, "आशाची आई, उद्या हे चौकोन खाऊन टाकतील. मी हात धरू शकत नाही आणि भटूला तोंडही दाखवू शकणार नाही."

हिरीबाईने कंदील भिंतीला अडकवला. "हात कशाला धरायचा? हातात काही दिलं, की हात धरावा लागत नाही."

सकाळी तिने मोठं पातेलं डोक्यावर घेतलं, मीठ कमरेला बांधलं आणि शेताच्या पार खालच्या टोकाला, नाल्याकाठी, तीन दगड मांडले. दोरीबाहेरच्या शेंगा तोडून पातेल्यात टाकल्या, मीठ घातलं, जाळ केला. पाहुणे बांधावर दिसले, की ती तिथूनच हाक मारी, "फुई, इकडे ये गं. तिकडच्या कच्च्या आहेत. इथे उकडल्यात, मऊ झाल्यात."

मऊ म्हटल्यावर कालीबाईला दुसरीकडे जाणं शक्यच नव्हतं. तिच्या मागे बाकीचे वळले. वाफाळत्या शेंगा पळसाच्या पानावर समोर आल्यावर दोरीपाशी उभं राहून कच्च्या शेंगा सोलण्यात कुणाला रस राहणार? सॅम्युअलने दोन दिवस नेटाने चौकोन गाठायचा प्रयत्न केला, पण तिसऱ्या दिवशी तोही पातेल्याजवळ मांडी घालून बसला. "मीठ जरा जास्त टाक ताई," एवढंच म्हणाला.

डाव साधला, म्हणून पौलसला भारी आनंद झाला. चौकोन वाचला. पण पातेलं एकदा चुलीवर चढलं, की गाव ते उतरू देत नाही, हे त्याच्या उशिरा ध्यानात आलं. आता ज्यांचा विम्याशी काही संबंध नव्हता तेही येऊ लागले. पोलीस पाटील धनसिंगकडे नवापूरहून कुणी आलं, की तो त्यांना 'जरा रान दाखवतो' म्हणून इथेच आणी. पाळक दानियलसाहेबांनी नाताळच्या गाण्यांचा सराव प्रार्थनामंदिरातून हलवून नाल्याकाठी आणला. मोकळ्या हवेत आवाज चांगला सुटतो असं त्यांचं म्हणणं होतं. ढोलकी वाजे, मंडळी तारणाऱ्याच्या जन्माची गाणी म्हणत आणि दोन कडव्यांच्या मध्ये टरफलांचा ढीग वाढे. घोट्याची चौकशी करायचं सगळे विसरून गेले.

हिरीबाई रोज आदल्या दिवशीच्या पुढच्या ओळीत जाऊन शेंगा तोडी. नाल्यापासून सुरू झालेला उघडेपणा वर चढत चौकोनाला चारी बाजूंनी येऊन भिडला. पौलस तिकडे पाहत नसे. तो सकाळी वरच्या बांधाने येई, दोरीशी उभा राही, आतली शेंग न् शेंग डोळ्यांखालून घाली आणि परत जाई. शेंगा टपोऱ्या झाल्या होत्या. त्याला आता रेघेच्या टोकाशी आपला ठिपका चांगला वर, डोंगरमाथ्यावर, दिसू लागला होता.

नाताळ तोंडावर आला. मुलगी आशा व्याऱ्याकडच्या एका गावात दिली होती. तिचा निरोप आला, की यंदा ती, जावई आणि सासरची सगळी माणसं सणाला येतील. त्या दिवशी हिरीबाई टोपली घेऊन शेतात गेली. परत आली ती पटकन. टोपली तिने पौलसच्या पुढ्यात ठेवली. तळाशी अळीने भोकं पाडलेल्या मूठभर शेंगा होत्या.

"एवढ्याच?" त्याने विचारलं.

"एवढ्याच. सगळं रान हिंडून आले."

"सगळं कसं? माझ्या डोळ्यांपुढे तर शेंगाच शेंगा आहेत."

"तू दोरीच्या आत बघतोस. मी दोरीच्या बाहेर राबते." ती टोपलीशेजारी बसली. तिच्या बोटांना शेंगांच्या चिकाचा काळा थर बसला होता. "वर्षाची डाळ गावाने खाल्ली. बियाणं आत आहे. विहिणीच्या पानात काय वाढू? आत आहे. आणि आत जायचं नाही."

"तोलून झालं की सगळं परत देतात. भटू म्हणालाय."

"त्याआधी नाताळ येतो. येशू भटूसाठी थांबणार आहे का?"

"मी शब्द दिलाय."

"तू शब्द दिलास. शेंगा मी दिल्या."

पौलस उठला आणि त्या दिवशी प्रथमच खालच्या बाजूने, नाल्याकडून, शेतात शिरला. जाळाने काळे झालेले दगड, टरफलांचे ढीग, माणसांनी तुडवलेली माती. त्यापुढे ओळीच्या ओळी ओरबाडलेली झाडं, निव्वळ काटक्या. आणि मधोमध, चार खुंट्यांच्या आत, दाट, गच्च, वाकलेली तूर, टक्कल पडलेल्या डोक्यावर शेंडी राखावी तशी. ते इतकं हास्यास्पद दिसत होतं, की तो खरंच एकटाच हसला. मग हसू आटलं. आपला ठिपका ज्या उंचीवर पडणार होता, ती उंची या चौकोनाबाहेर कुठेही नव्हती; ना सॅम्युअलच्या वावरात, ना फुईच्या, ना आता आपल्याच. भटू येईल, आतलं तोलेल, आणि मंडळात तूर चांगली आली असं कागदावर चढेल. रंजनाच्या पोरांनी इथे पोट भरून शेंगा खाल्ल्या, त्यांच्या बापाच्या भरपाईच्या आड त्याच शेंगांनी वाचवलेला चौकोन येईल. पहिला दिवस सोडला, तर दोरीच्या आत कुणी हात घातला नव्हता. रीत कुणी मोडली नव्हती. खोटं कुणीच केलं नव्हतं, तरी खोटं समोर चांगलं पुरुषभर उंच उभं होतं.

दुसऱ्या दिवशी तो काळ्यापिवळ्या जीपच्या मागच्या पायरीवर लटकून नवापूरला गेला. भटू त्याला स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर सापडला. पौलसने घोट्यापासून पातेल्यापर्यंत सगळं सांगितलं. भटू आधी इतका हसला, की चहा त्याच्या सदऱ्यावर सांडला. मग तो सदरा पुसत राहिला.

"दोरीना आत हात लागना का?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवशी फुईचा, पोरांचा. नंतर नाही."

"आणि त्याना आधी मन्हा," भटू हळूच म्हणाला. "मंग चालस. आत जे शे ते तोलसूत."

"बाहेर काहीच नाही, भटूभाऊ. बाहेरचंही तोला."

"बाहेरनं लिखाले जागाच नही. भाऊ, कशाले तरास लेस? तुन्हा आकडा चांगला येई, साहेब खूश व्हई. तुले बोलावतीन, हार घालतीन, फोटो येई."

पौलसने हाराची क्षणभर कल्पना केली. झेंडू, मधे मधे पांढरी शेवंती. गळ्याला बरं वाटलं. मग त्याला पातेल्यापाशी बसलेली फुई दिसली आणि हार थोडा टोचू लागला.

"चौकोन बिघडला तर काय करता?" त्याने विचारलं.

भटूने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तं तो रद्द. दुसरा गट काढतस. पण माले लिखनं पडी, शेतकरीनी आधीच तोडी लिधं. तुन्हं नाव तसंच राही, भो. पुढे कोणी तुन्हा वावरमा प्रयोग ठेवाव नही."

"लिहा," पौलस म्हणाला. "आधी सांगून तोडलं, असं लिहिता येतं का?"

"नही."

"मग नुसतं तोडलं असं लिहा."

भटूने त्याच्या चहाचेही पैसे दिले आणि खुंट्या नाताळनंतर घेऊन जाईन म्हणाला.

सकाळी पौलसने घोटा फिरवून पाहिला, चहा घेतला आणि भिंतीवरची मोठी टोपली काढली. हिरीबाईने त्याच्याकडे पाहिलं आणि आपलीही टोपली घेतली. शेतात पोचल्यावर तो दोरीपाशी वाकला. दवाने गाठी आवळल्या होत्या. नखांनी उकलता येईनात, तेव्हा त्याने त्या दातांनी सैल केल्या, दोरी काढली, कोपराभोवती गुंडाळली आणि बांधावर ठेवली. मग तो आत गेला आणि पहिल्या झाडापासून शेंगा तोडू लागला.

थोड्या वेळाने सॅम्युअल बांधावर आला. आज पातेलं दिसत नाही, हे पाहून तो वर चढला होता.

"दाजी," तो थबकला, "तू आत?"

"आत," पौलस तोडता तोडता म्हणाला.

"आणि शब्द?"

"ज्याला दिला होता, त्याला काल सांगून आलो. माझा गट गेला. आता दुसऱ्या कुणाचा काढतील."

"बरं झालं," असं म्हणत सॅम्युअलने समोरची एक शेंग तोडली आणि दाणे तोंडात टाकले. मग त्याचा जबडा हळूहळू चालायचा थांबला. "कुणाचा?"

"यंत्र काढतं. कुणाचाही."

सॅम्युअलच्या वावरात कडेच्या दोन ओळी अळीतून वाचल्या होत्या आणि तो त्या कुणाला दाखवत नसे; आपला गट निघाला, तर गाव पाहुणं म्हणून तिथेच येणार होतं. त्याने तोंडातले दाणे तसेच गिळले, गावाकडे एकवार पाहिलं, पाहुणे कुठे जमताहेत का याचा अंदाज घेतला आणि आपल्या शेताच्या दिशेने तरातरा निघून गेला.

हिरीबाई पदर तोंडावर धरून हसली. पौलस हसला नाही. भटू आत्ता कुठेतरी बसून त्याच्या नावापुढे ते एक वाक्य लिहीत असेल, असं त्याला वाटत होतं. तो हिरीबाईपुढे सरकत होता, एका हाताने फांदी वाकवून दुसऱ्या हाताने शेंगा सोडवत. त्या भरल्या होत्या, आणि तुटताना त्यांचा बारीक आवाज होत होता.

"ती मधली झाडं सोड," हिरीबाई म्हणाली. "बियाण्याला."

त्याने हात मागे घेतला. कोणती, ते तिने एकेका झाडाला हात लावून दाखवलं. ती झाडं तशीच उभी ठेवून दोघं त्यांच्या दोन बाजूंनी पुढे गेली, टोपल्या भरल्या की बांधावर ओतून पुन्हा येत, आणि धुकं पुरतं निघून गेलं तेव्हा दोघंही शेवटच्या ओळीत होती.